टाकीचं काय करायचं

बोरिवलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी मार्तंडराव सुजलेल्या पायावर बर्फ धरून, आणि त्यांच्या वसुधाबाई.

"ती पंपाची जुनी प्रेशर टाकी आज भंगारात जाणार. पाच वाजता माणूस येतोय."

"अगं, तिचा तंदूर करतोय ना!"

"बाल्कनीत? वरच्यांच्या साड्या वाळतात तिथे."

"मग कुंडी."

"सहा महिने कुंडीच करत होतात."

"आपल्या सौरभला गणपतीत ढोल?"

"उचलायला गेलात आणि पायावर घेतलीत. आता बास!"

डॉक्टर मार्तंडरावांचा एक्स-रे घेऊन बाहेर आले.

"बारीक क्रॅक आहे. महिनाभर प्लास्टर. बसताना पाय दीड फूट उंच ठेवायचा. खाली काहीतरी भक्कम हवं, हलता कामा नये."

वसुधाबाईंनी फोन लावला.

"भाऊ, आज नका येऊ. टाकी कामाला लागलीय."