फोलेटचा लेख आणि पालकाची जुडी

दुपारचे चार. वर्तमानपत्राचं कार्यालय, आरोग्य पानाचं टेबल. पान लावणारा म्हणाला, "जाहिरात आलीय, शेवटून कापतो!"

आता तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात रीतच ही, महत्त्वाचं वर, फुटकळ खाली, जागा नाही पुरली की शेवटून कापा! पण अहो, माझा लेख फोलेटवर होता, पालेभाज्यांत, कडधान्यांत असतं ते जीवनसत्त्व. आहारातून ते भरपूर घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर कमी दिसतो असं काही अभ्यास म्हणतात, हे वर... आणि खाली? 'शौचावाटे रक्त पडत असेल तर आधी तपासणी करा, गाठ असलीच तर जादा गोळ्या तिलाच पोसतील अशी शंका आहे.' हे खाली का? तर संपादकांचा हुकूम, "वाचक सकाळी चहा पितो, रक्त कसलं दाखवतोस?"

शेवटून कापा!

माझे भाऊजी शिंपी. रक्त पडत होतं, आतड्यात नळी घालून दुर्बिणीनं तपासायची वेळ ठरली होती, पण नळीच्या नावानंच पाचावर धारण! लेख वाचला, कात्रीनं कापून मशीनवर डकवला नि ताईला म्हणाले, "बघ, तुझ्या भावानंच लिहिलंय. नळी रद्द!" मग दोन्ही वेळा पालेभाजी, वर फोलेटच्याच, गरोदर बायकांना देतात त्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या! औषधवाला विचारतो, "कोणाला दिवस गेलेत?" हे म्हणतात, "मलाच समज!"

आणि मला हे कधी कळावं? आतड्यात गाठ निघाल्यावर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी! ताई म्हणते, "तू हसशील म्हणून सांगू देत नव्हते रे." मी डॉक्टरांना गाठलं, गाठ गोळ्यांनी वाढली का? म्हणाले, "ते छातीठोक नाही सांगता येणार. तपासणी टाळल्यानं वाढली, हे मात्र लिहून घ्या." आणि भाऊजी खाटेवरून विचारतात, "लेख झकास होता रे, पण एकदम संपला. पुढं काही होतं का?"

काय सांगू? शेवटून कापलं?

संपादकांकडं गेलो. खुलासा छापा! तर म्हणे, "कसला? छापलेलं एक वाक्य खोटं दाखव!" कुठून दाखवू? "आणि भाऊजी बरे झाले की त्यांच्यावर लिही, पालेभाजीच्या बळावर झुंज वगैरे. छोटं ठेव!"

बरे कुठले होताहेत? गेले. निधनवार्ता आमच्याच पेपरात, मुलगा, सून, नातू... आणि शेवटी ताईचं नाव होतं. शेवटून कापलं! बाईला नवऱ्याच्या मरणातही जागा नाही!

आणि ती जाहिरात? त्याच दिवशी संध्याकाळी रद्द झाली होती हो! मोकळ्या जागेत पालकाच्या जुडीचा फोटो टाकला, थेट माझ्या परिच्छेदाएवढा. फोटो छान होता, नाही कशाला म्हणू... पण जागा परत मिळाल्यावर परिच्छेद परत का नाही लावला, ते पान लावणाऱ्यापासून संपादकांपर्यंत सगळ्यांना अजून विचारतोच आहे.