बाबांच्या मापाची बंदूक

हॅलो? … हो बाबा, ऊर्मिलाच. … नाही, ऑफिसात नाही, आज सुट्टी टाकलीय. केलरमध्ये आहे, बिल्डिंगच्या तळघरात हो. … तुमच्या मासे मारायच्या बंदुकीचंच की! दुसरं काय सुचतंय मला? शुक्रवारी तिकडे यायचं विमान, आज बुधवार, आणि मूठ अजून घासायचीय. … घासली असती, पण एक ते तीन इथली रुहेत्साइट, आवाज बंद. मशीन लावलं की शेजारची आजी जिन्यात हजर! दहा मिनिटं राहिलीत, तोवर नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

… अहो ऐका ना! फोटो पाहिलात? सागवानाच्या तीन पट्ट्या चिकटवल्यात, दांडा वाकायचं नाव नाही. आणि तुमच्या दुखऱ्या खांद्यासाठी एका जाड रबराऐवजी दोन बारीक. एकेक ओढायचं. … छातीला टेकवून, हो, तसंच. तुम्ही हात आखून पाठवलेला कागद समोरच लावलाय. खडपात तांबोशी दिसली की नुसतं… काय? … हो, हो, तरंगवून बघितली ना! काल बाथटबमध्ये. तुमच्या नातीची आंघोळ राहिली, पण शिसं असं मोजून बसवलंय, भाला आत असला की बुडते, सुटला की अलगद वर. एकदम काट्यावर! … कुठलं पाणी म्हणजे? नळाचं.

… अगं बाई!

… हसू नका. बाबा, हसू नका हो! … कळलं, समुद्राचं पाणी जड, बंदुकीला वर उचलणार. वोल्फ्सबुर्गला बारा वर्षं गाड्या डिझाइन करतेय, आणि वेंगुर्ल्याची पोरगी मीठ विसरली! … थांबा, तीन लिटरचा दांडा, म्हणजे… पंचाहत्तर ग्रॅम शिसं वाढवायला हवं. आणि मी वरून इपॉक्सी ओतून बसलेय! पुन्हा भोक पाडा, पुन्हा भरा, चोवीस तास सुकवा… जाऊ दे, होईल. उद्यापर्यंत होईल.

… राहू दे काय राहू दे? आता कशी राहू देणार? … पाण्यात जाऊन बघायचं ते तुम्हीच बघा ना मी आल्यावर… का? … मग जुनी घेऊन जा, दोन्ही ताडून बघा. … वाडीतल्या मोहनला दिलीत? तुमची बंदूक? कधी? … गणपतीत? अहो, मी माप मागितलं ते दिवाळीनंतर!

… मग? … खांदा नाही? … कानाचं काय? … पडदा. … डॉक्टर काय म्हणाले, नीट सांगा. … डोकं पाण्याखाली घालायचंच नाही? कायमचं?

… बाबा, पाच महिने मी लाकूड घासतेय इथे! मुठीचं माप तीन-तीनदा दिलंत मला. एकदा तरी सांगायचं! राग आलाय मला, खरंच सांगते, भयंकर राग आलाय. … नाही, का? ते सांगा आधी. का नाही सांगितलंत?

… ऐकतेय.

… हो. महिन्यातून एकदा फोन करायचे मी. … तेही पाच मिनिटं, हो. … आणि मग रोज. मापासाठी.

… थांबा, तुमच्या कागदावर माझा हात ठेवून बघतेय.

… काही बोलू नका आता. तुम्ही होडीत बसायचं, मी उतरणार. … येतं मला! शिकवलं कोणी? … एकटी नाही हो, मोहनला घेईन बरोबर. मूठही माझ्या हाताची करते, तुमच्या मापातून माझं सहज निघेल. … छे, भुसा गेलाय डोळ्यात. … बरं, रडतेय. रडू नको तर काय करू?

… तीन वाजले. ठेवते आता, भोक पाडायचंय. … उद्या? उद्या करते ना फोन. … नाही हो, विचारायचं काहीच राहिलं नाही. तरी करते.