तलावाकाठचं झाड

सौंसरच्या स्टँडवर अलका मॅडम नागपूरच्या गाडीची वाट पाहत पेपर तपासत होत्या. मागच्या बाकावर रामाकोन्याचे नत्थूजी आणि त्यांची बायको बोलत होती. दोन पेपर कसेबसे झाले, तिसऱ्यावर मॅडमचा पेन थांबला.

"या खेपेले चार दिवसांत पळून नका येऊ. मागं अंकुरच्या मनाले लई लागलं."

"पोराच्या त्या फ्लॅटात दिवसभर करू काय मी?"

"तलावाकाठी एवढा मोठा बगीचा हाय. अंकुरची सायकल घ्या, नाईतर पायी फिरा."

"फिरलो ना मागं. पुरा तलाव फिरलो. लोकं निस्ते गोल फिरून राहिले होते, झाडाकडं कोणी पाहूनच नाही राहिलं."

"तुमी पाह्यलं, अन् चौकीदारानं धरलं!"

"संत्र्याचं झाड होतं, अंकुरची माय. सल कोणी काढलीच नव्हती. वाळल्या काड्याच काड्या."

"म्हणून तोडत बसाचं? आपलं झाड हाय काय ते?"

"झाडाले काय माहीत, कोणाचं हाय ते."

"मंग?"

"चौकीदारानं माळ्याले बोलावलं. माळी म्हणे, काका, असे बारा झाडं हायत पाण्याच्या कडेनं. मले हे काम कोणी शिकवलंच नाही."

"हे त नव्हतं सांगितलं तुमी."

तेवढ्यात गाडी लागली.

"आणा ती पिशवी इकडं. अवं माय, काय टोचून राहिलं हो यात?"

"सल काढाची कैची हाय. हळू धर."