काकूकडचं भूत

भुतांच्या मालिका एकट्याने ऐकू नयेत म्हणतात ना? चूक. काकू घरात असताना ऐकू नयेत.

ब्राह्मणपुरीला काकूकडे गेलो होतो. संध्याकाळी मोबाईलवर, आवाज मोठा करून, शहरातली भुतं शोधणाऱ्या पोलिसांची मालिका लावली. पडक्या इमारतीपुढे साहेब दरडावतो, ‘या घरात काय दडवलंय, आम्हाला माहीत आहे. दार उघडा!’

नेमके तेव्हाच आमचे दिवे गेले. मी किंचाळलो.

मागच्या दारातून काकू आली. हातात काठी आणि विजेच्या खांबावरून काढलेला तारेचा आकडा. कुजबुजली, ‘साहेब गयात का रे?’

‘काकू, कसाना साहेब? भुतनी गोष्ट शे मोबाईलमा!’

‘भूत शे का? माले वाटनं लाइटवाला साहेब तपासाले उनात! जाय, टाक आकडा परत.’