हलला त्यो फोटोत न्हाई

बसा. मागं उभे हायत त्यांनी पण टेका. सिरसाळ्याची मंडळी आली, परळीहून पाव्हणे आले, बरं वाटलं. मला माईकवर बोलायची सवय न्हाई. शाळा माझी दुसरीपुरती. पण मालकांवर दुसरं कुणी बोललं तर नुसतं गोड बोलंल, म्हणून मीच उठले.

तुमी त्यांना अण्णा म्हणत होता. किराणा दुकान पोराच्या हाती दिलं आणि माणूस आभाळाच्या नादी लागला. चांदण्यांचे फोटो काढायचे म्हणं! म्हातारे काशीला जातात, हे परसात खड्डा खांदत बसले. माझ्या कमरेइतका खड्डा. मी म्हणलं, "कुणाला बसवायचं हाय ह्यात?" आपल्यात मेलेल्याला बसवूनच माती देतात, म्हणून इचारलं. तर हसले. "दुर्बिणीला," म्हणले.

त्या खड्ड्यात सिमेंटचा खांब उभा केला. खांबाभोवती बोटभर फट. फरशीला खांब चिकटू द्यायचा न्हाई. कावून? तर माझ्या चालण्यानं दुर्बीण हादरती! अख्खा संसार ह्याच पावलांवर चालला, आणि म्हातारपणी ती जड झाली. वर पत्र्याचं छप्पर, त्याला गेटाची चाकं. दिवेलागणीला आपोआप सरकायचं. थंडीत दव बसू नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडाला गरम पट्टी. मला कधी शाल इचारली न्हाई. परळीच्या थर्मल वीजकेंद्राची राख उडून बसती म्हणून काचेला येगळं मऊ फडकं, त्याला आमी शिवायचं न्हाई.

आणि त्यो बघा, समोरच्या भिंतीवर. कापसाच्या बोंडाएवढा काचेचा डोळा. ढग आले का ते बघायचा कॅमेरा. सगळं आभाळ गोल दिसतं त्यात, आणि कडंला हे आंगण. रातभर बघत बसतो, सकाळी सगळ्या रातीचा मिळून एकच फोटो देतो. एकदा मला दाखवला. चांदण्यांच्या नुसत्या बांगड्या, आणि खाली बाजेवर मालक. मी म्हणलं, "मी कुठंय? तुमच्या चहापायी किती येळा आंगण तुडवलं!"

म्हणले, "तू हलत होतीस. हलला त्यो फोटोत न्हाई. थांबला त्योच राहतो."

"मग तुमीच राहा," म्हणलं.

ते गेले तवा लेक पुण्याहून यायची होती. म्हणून रातभर माझ्या मागच्या ह्याच भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. लाईट गेलती, म्होरं एक समई. आंगण माणसांनी भरलेलं. भजन चाललं होतं, बाया ऊर बडवत होत्या. आणि परसात छप्पर सरकायला लागलं. त्याची आणि त्या डोळ्याची बॅटरी येगळी हाय, पण तवा कुणाला सुचतंय? भजन मधीच थांबलं. आठवतंय ना? उठून बघायची कुणाची छाती झाली न्हाई.

माती दिल्यावर नातीनं, पल्लवीनं, त्या डोळ्यातला त्या रातीचा फोटो दाखवला.

आंगणात कुणी न्हाई. भजनी न्हाईत. रडणाऱ्या न्हाईत. तुमी न्हाई, तुमी न्हाई, हे म्होरं बसलेले सरपंच न्हाईत. रिकामं आंगण, वर चांदण्यांच्या बांगड्या, आणि भिंतीला टेकून एकटे मालक. हारातलं फूल न् फूल दिसत होतं.

पल्लवी म्हणली, "आजी, बाजूला बघ."

बाजूला लुगड्याच्या रंगाचं धुकं होतं. मी. माझ्यातून पल्याडची भिंत दिसत होती. त्यांच्याशेजारीच बसलते की! पण मधी कुणाला पाणी दे, कुणाला सतरंजी दे, उठलते. जेवढी थांबले तेवढीच आले.

थोरला, महादेव, उद्या हे सगळं उपटणार हाय. म्हणतो, "आई, लेकरं भितात." भिऊ दे. महादेवा, सगळ्यांम्होरं सांगते. दुर्बीण कुणाला द्यायची त्याला दे. खांब पाड, छपराखाली कांदा भर. पण त्या डोळ्याला हात लावायचा न्हाई. माझं अर्धं यायचं राहिलंय त्यात.

दिवेलागण झाली. ऐका. सरकलं बघा छप्पर. भिऊ नका.

उठा आता. मालकांसाठी दोन मिनिटं. हात जोडायचे ते आधीच जोडून घ्या, खोकायचं ते खोकून घ्या. दोन मिनिटांत कुणी फोटोत येत न्हाई, पल्लवीनं सांगितलंय मला.

तरी हलू नका.