निळ्या ओळी

(बंदराजवळचं ‘चिदोरी’ नावाचं छोटं कॉफीघर. बुधवारची दुपार. कराओकेचं मशीन, टेबलावर दोन माईक. मालकीण किकुनो, निवृत्त पोस्टमन ओबाता आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा तोकुजी.)

किकुनो: थांबा, थांबा! बंद करते मी हे. अहो तोकुजी-सान, गाणं म्हणताय की धक्क्यावरून बोटवाल्याला हाका मारताय?

तोकुजी: सोपं आहे म्हणालात तुम्ही.

ओबाता: सोपंच आहे हो. पुरुषांसाठी याहून सोपं गाणं या मशीनमध्ये नाही. पाच सुरांत हिंडून घरी परत येतं. तुम्ही पहिल्याच सुरावर ठाण मांडून बसलात.

तोकुजी: जन्म इंजिनाशेजारी गेला माझा. काय ऐकू येतं आणि काय नाही, माझं मलाच कळत नाही. दुसरं लावा.

किकुनो: हे तिसरं होतं. पट्टी खाली आणून आणून मशीन दमलं माझं. आधी चहा घ्या. जवाचा आहे, गार. आणि ही सुकी माकुळ मासळी चघळा जरा.

तोकुजी: चहा प्यायला नाही आलो मी.

किकुनो: ते दिसतंय. इतकी वर्षं तुमची हात्सुए दर बुधवारी इथं यायची, तुम्ही कधी उंबरा ओलांडला नाहीत. आणि आज मी पडदा वर करायच्या आत दारात उभे! म्हणे, पुरुषाला जमेल असं सोपं गाणं द्या. मघाशी विचारलं नाही, आता विचारते. कशासाठी हे सगळं?

तोकुजी: तिच्यासाठी.

ओबाता: बरी आहे ना हात्सुए-सान? आम्ही भेटायला येणार होतो, पण तुमच्या मुलीनं फोनवर सांगितलं, आईला कुणी यायला नको आहे.

तोकुजी: हातपाय हलतात. काठी घेऊन चालते. पण बोलणं गेलं ते गेलंच. वसंतात मेंदूचा झटका आला, आता माकुळाचा हंगाम सरत आला. एकच शब्द उरलाय तिच्याकडे. ‘नाही.’ चहा हवा का विचारलं की ‘नाही’ म्हणते आणि कपासाठी हात पुढे करते. मुलीचा फोन आला की ‘नाही, नाही’ म्हणत रडते. काय सांगायचं असतं कुणास ठाऊक.

किकुनो: अगं बाई गं.

तोकुजी: दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत. त्या म्हणतात, बोलणं डोक्यात एकीकडे असतं आणि गाणं दुसरीकडे. बोलता न येणारी माणसं कधीकधी गातात. मग गाण्याच्या मागून एखाद-दुसरा शब्द येतोही परत. पण घरातल्या माणसानं बरोबर गायला हवं. त्यांनी स्वतः गाऊन बघितलं, तर हिनं तोंड फिरवलं. हल्ली ती प्रयत्नच करत नाही, ताई. भिंतीकडे बघत बसते. हे असंच चाललं तर ती कायमची गप्प होईल म्हणाल्या.

किकुनो: मग घरात म्हणायचं काहीतरी. सूर चुकला तर कोण फाशी देणार आहे?

तोकुजी: म्हटलं की! मोबाईलवर शोधलं, ‘पुरुषांसाठी सोपी गाणी’. न्हाणीघरात बसून पाठ केलं आणि रात्री जेवताना म्हटलं.

ओबाता: मग?

तोकुजी: भाताचा वाडगा उचलला आणि आत निघून गेली.

ओबाता: हसू नये, पण... माफ करा हं, तोकुजी-सान.

तोकुजी: हसा. तुम्हाला काय जातंय हसायला. तुमच्याबरोबर गायची ना ती?

ओबाता: माझ्याबरोबर?

तोकुजी: मुलीनं सांगितलं मला. आईचं आवडतं गाणं दोघांचं आहे म्हणे. एक बाई, एक पुरुष. मी काय खुळा नाही. दोघांचं गाणं एकटी बाई कसं म्हणेल? सगळं बंदर सांगतं, ओबाताचा आवाज म्हणजे लोणी. राग नाही धरत मी. उलट तुमच्याकडेच आलोय. कुणाबरोबर गायची ती, एवढं सांगा. तुम्हीच असाल तर हात जोडून सांगतो, गा तिच्याबरोबर. मी बाहेर जाऊन बसतो वाटलं तर.

ओबाता: ताई, तुम्ही सांगता की मी सांगू?

किकुनो: तुम्हीच सांगा. तोंड तुमचं भाजलं होतं.

ओबाता: ऐका तर. ती पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. तिनं ते दोघांचं गाणं लावलं. पडद्यावर बाईच्या ओळी गुलाबी येतात, पुरुषाच्या निळ्या. ही गुलाबी म्हणाली आणि निळ्याला गप्प. मला वाटलं, बिचारीला जोडीदार नाही. आणि माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, रिकामा माईक दिसला की हात शिवशिवतात. घेतला दुसरा माईक आणि केली सुरुवात. काय लागला होता आवाज त्या दिवशी!

किकुनो: मुद्द्यावर या.

ओबाता: तिनं माईक खाली ठेवला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘ओबाता-सान, ही जागा भरलेली आहे. माणूस यायचा आहे.’

तोकुजी: कोण माणूस?

किकुनो: अहो, कोण म्हणून काय विचारता! तुम्ही! दुसरं कोण?

तोकुजी: मी?

किकुनो: मशीनमधला पुरुषाचा आवाजसुद्धा बंद करायला लावायची मला. निळी ओळ आली की नुसतं संगीत वाजायचं. ही माईक धरून उभी, पडद्याकडे बघत. ओळ सरली की पुढची गुलाबी म्हणायची. आम्ही सगळे त्या रिकाम्या ओळींनाही टाळ्या वाजवायचो. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की मी आधीच बजावायचे, या गाण्याला दुसरा माईक उचलायचा नाही.

तोकुजी: मला... मला कधी बोलली नाही ती असं.

किकुनो: दर बुधवारी विचारायची ना तुम्हाला, ‘येता का?’ म्हणून? तुम्ही काय म्हणायचात?

तोकुजी: इंजिन खोललंय.

ओबाता: अरे देवा! ‘इंजिन खोललंय!’ ताई, खरंच म्हणायचे हे!

तोकुजी: काय झालं?

किकुनो: ती आली की आम्ही विचारायचो, आज तरी आणलंस का नवऱ्याला? ती म्हणायची, ‘इंजिन खोललंय त्यांनी.’ आता इथं कुणी यायचा चुकला की सगळे तेच म्हणतात. पोस्टातले म्हणतात, बाजारातले म्हणतात. पण ती कधी चेष्टेनं नाही म्हणाली हं. खरंच काम असेल असं मानूनच सांगायची.

तोकुजी: नेहमी नसायचं काम. कधीकधी नुसताच पाना हातात धरून बसायचो. लोकांसमोर तोंड उघडायची भीती वाटायची मला.

किकुनो: हा घ्या माईक.

तोकुजी: लावा ते गाणं.

ओबाता: आणि तुम्हाला सांगू का, सोपं गाणं शोधत होतात ना? हेच सगळ्यात सोपं. पुरुषाला चारच ओळी आहेत. सूर नाहीच म्हणा ना त्यात. माणूस दर्यावरून घरी येतो आणि दारात उभा राहून बोलतो, बस.

तोकुजी: लवकर लावा. दवाखान्याची गाडी तिला आज घरी नाही, इथं सोडणार आहे.

किकुनो: आज? इथं? आणि हे आत्ता सांगताय! ओबाता-सान, ती मऊ खुर्ची ओढा पुढं. हं, तोकुजी-सान, निळी ओळ. म्हणा.

तोकुजी: आलो गं, दार उघड!

किकुनो: वसुलीला आलात की काय? घरी येऊन म्हणता तसं म्हणा.

तोकुजी: घरी येऊन मी काही म्हणत नाही.

किकुनो: मग आज म्हणा.

तोकुजी: आलो गं. दार उघड.

ओबाता: अस्सं! आता जरासं ओढा. ‘आलोऽ गं.’ पावलं भिजलीयत, बाहेर वारा आहे.

तोकुजी: आलोऽ गं...

किकुनो: श्श. गाडी थांबली. ओबाता-सान, हात द्या तिला, पायरी आहे. ये गं हात्सुए, ये. किती वाळलीस! तुझी खुर्ची तिथंच आहे बघ.

हात्सुए: नाही. नाही.

किकुनो: बरं बरं, नाही तर नाही. बस. हा माईक धर नुसता. काही म्हणू नकोस.

हात्सुए: नाही...

तोकुजी: अगं, मी आहे. घाबरू नको. इंजिन नाही खोललेलं आज.

ओबाता: ताई, लावा.

किकुनो: लावलं. तोकुजी-सान, पहिली तुमची. निळी. आली बघा.

तोकुजी: आलोऽ गं... दार उघड...

ओबाता: आता गुलाबी. गप्प बसा सगळे.

हात्सुए: क... कडी... कडी लावलीच नव्हतीऽ...

ओबाता: देवा रे.

हात्सुए: कडी लावलीच नव्हती, या नाऽ आत...

किकुनो: तोकुजी-सान! तुमची ओळ आली. म्हणा! अहो, रडताय काय, म्हणा! ...बरं, राहू दे. हात्सुए, बंद करू का गं?

हात्सुए: नाही.

तोकुजी: ताई, अक्षरं दिसेनात मला. कुणाची ओळ आहे ही?

किकुनो: तुमची आहे. ती थांबलीय.