बिजागरीचा आजार

— नको नको, त्या खुर्चीत नको, ती जरा... बरं, बसलातच तर बसा. फार हलू मात्र नका, एक पाय जायबंदी आहे तिचा. इथे सगळंच जायबंदी आहे साहेब, बघताच आहात तुम्ही. खुर्ची आजारी, पंखा आजारी, पत्रा दाबायची प्रेस आजारी, आणि ह्या सगळ्यांचा मालक म्हणजे मी — मी तेवढा ठणठणीत दिसतो, हीच तर पंचाईत आहे. जन्मापासून गाल वर आहेत माझे. वडील गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण मला बघून म्हणायचा, वा, तब्येत सुधारली! आता तब्येतीला काय कळतं कधी सुधारायचं आणि कधी नाही? पण तुम्ही माझ्या गालांकडे बघू नका, कारखान्याकडे बघा.

कार्ड? ठेवा, ठेवा तिथे कपाखाली, वाऱ्यानं उडतं. वाचायची गरजच नाही, तुम्ही कोण ते मला माहीत आहे. अकराला येणार होतात, अकराला आलात. सरकारी माणूस वेळेवर येतो हे पहिल्यांदाच बघतोय — राग मानू नका हं, जीभ आहे, सुटते. हातात बॅग, बुटावर आमच्या रस्त्याची धूळ, आणि चेहऱ्यावर ते ‘कुठे येऊन पडलो’ — लांबूनच ओळखलं. काही म्हणायचंय का? म्हणा की. पण आधी माझं ऐका, मग म्हणा. बायको म्हणते, तुम्ही डॉक्टरकडे जाता आणि डॉक्टरलाच औषध सांगून येता. म्हणते, कधीतरी समोरच्याला तोंड उघडू द्या. आता घरी तिच्यासमोर मला संधी मिळत नाही, मग साठलेलं कुठे जाणार? असं बाहेर सांडतं.

तर आम्ही बिजागऱ्या करतो. दाराच्या, खिडकीच्या, पेटीच्या. हो, ती तुमच्या हातात आहे तीच. घेतलीत का ढिगातून? ठेवा, हात काळे होतील. वडिलांनी सुरू केला कारखाना. ते म्हणायचे, जगात दारं आहेत तोवर आपल्याला मरण नाही. दारं आहेत हो अजून, दारांना काही झालं नाही — पण बाहेरून येणारी बिजागरी आमच्या पत्र्याच्या भावात पडते. दोन वर्षांत दार लोंबकळतं तिच्यावर, पण घेणारा म्हणतो, दोन वर्षांनी बघू. बघता बघता आमच्या ह्या लायनीतल्या निम्म्या शेड बंद झाल्या. समोर नळाच्या तोट्या व्हायच्या, तिथे आता गाड्या धुतात.

आणि सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. छे छे, सरकारनं फार केलं. पहिल्यांदा कमान उभारली. कोपऱ्यावर बघितलीत ना — उद्योगनगरीत आपले स्वागत आहे. स्वागत कुणाचं ते काही लिहिलं नाही. मग रस्ता रुंद केला, का, तर आमचा माल बाहेर जायला पाहिजे. झाला रुंद. बाहेरच्या बिजागऱ्या दोन दिवसांत यायच्या त्या आता एका दिवसात येतात. मग एक खिडकी उघडली — सगळी कामं एकाच खिडकीत! मी गेलो. खिडकी होती, पलीकडे खुर्ची होती, खुर्चीवर स्वेटर होता. स्वेटरचा माणूस जेवायला गेला होता. मग प्रशिक्षण झालं. एक तरुण साहेब आले, आमच्या मिस्त्रींना म्हणाले, डोळे मिटा आणि कल्पना करा की प्रेस जोरात चालतेय. मिस्त्री म्हणाले, डोळे मिटून प्रेसवर बसलो तर बोटं जातील. संपलं प्रशिक्षण. टाळ्या मीच वाजवल्या, सगळ्यात जोरात. माझं हे असंच, समोर साहेब दिसला की हात आपोआप जुळतात नाहीतर वाजतात.

पण ही तुमची नवी योजना, हिला मी मनापासून मानतो. आजारी उद्योगांना आधार. नवी प्रेस, विजेत सवलत, सरकारी कामांत आमचा माल — एवढं मिळालं तर उभे राहतो आम्ही, नाहीतर ह्या उन्हाळ्यात गेटला कुलूप, हे लिहून घ्या. पाच माणसं, मिस्त्री धरून, काम नाही म्हणून घरी बसलीत, त्यांना ह्या वयात कोण दारात उभं करणार? अडचण एवढीच की कारखाना आजारी पाहिजे, पण मेलेला नको. कण्हला पाहिजे, पण हाक मारली तर ओ दिली पाहिजे. आता हे मापात बसवायचं म्हणजे — गेल्या खेपेला जमलं नाही मला. काय केलं माहितीये? तुमच्या आधीचे साहेब येणार म्हणून मी सगळं लख्ख केलं. प्रेसला रंग दिला. शेजारून दोन माणसं उसनी आणून उभी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. साहेब खूश, पाठीवर थाप मारली आणि शेरा मारला — युनिट सुदृढ आहे, मदतीची गरज नाही! आणि शेजारचा पाइपवाला, त्याचं छप्पर साहेबांच्या डोक्यावर गळलं. त्याला मंजूर. छप्पर गळावं लागतं साहेब, तेही योग्य डोक्यावर. बायको रात्रभर हसत होती.

— काय झालं? मांजर आहे ते. हो, शिंकतं. सर्दी झालीय त्याला. आजारी कारखान्यातलं मांजर म्हटल्यावर... बरं, पुढे ऐका. ते बघा, प्रेस. बंद. पट्टाच नाही तिला. कधीपासून? कधीपासून म्हणजे... बरेच दिवस. धूळ बघा ना किती साठलीय. हात लावू नका, कपडे खराब — लावलात. आणि वास कशाला घेताय धुळीचा? काय? भुसा?

हं. लाकडाचा भुसा.

आता लोखंडाच्या कारखान्यात भुसा कुठून आला असं तुम्ही विचारणार. विचारलंत नाही, पण भुवया वर गेल्या. तुम्ही सुताराच्या हाताखालून गेलेले दिसता. अहो, खरी धूळ मिळेना! मिस्त्री रोज पुसतात ना सगळं, सवय आहे त्यांना, कितीही सांगा. काल मी म्हटलं, मिस्त्री, आठ दिवस पुसू नका. ते म्हणाले, आठ दिवस आधी सांगायचं होतं. म्हणून मग पलीकडच्या फर्निचरवाल्याकडून पोतंभर भुसा आणला आणि मी स्वतः, ह्या हातांनी, चाळणीनं — घरची चाळणी, बायकोला सांगू नका — ह्या प्रेसवर... वडिलांच्या प्रेसवर, हो. चाळताना वर भिंतीवर त्यांचा फोटो. मी आधी फोटो उलटा केला आणि मग भुसा चाळला. लाज वाटली हो. खोटं कशाला बोलू, फार लाज वाटली. आयुष्यभर त्यांनी हा कारखाना असा ठेवला की जमिनीवर जेवावं, आणि मुलगा काय करतोय, तर त्याला आजाऱ्याचं सोंग देतोय. तेही धड जमत नाही. धूळसुद्धा चुकीची आणली.

हसताय तुम्ही. हसा. आता सगळंच सांगतो, लपवून काय उपयोग. प्रेस चालते. उत्तम चालते. काल संध्याकाळपर्यंत चालत होती. पट्टा मीच काढला. कुठे आहे? तुम्ही बसलाय त्या खुर्चीखाली, पोत्यात गुंडाळून. म्हणून म्हटलं हलू नका, पायबिय काही मोडला नाही तिचा. आणि ते मांजर म्हणजे आमचा रेडिओ — ऑपरेटर आहे, दिवसभर गुणगुणतो म्हणून रेडिओ. पाचही जण त्या मागच्या गोदामात बसलेत खोक्यांवर. मेव्हण्याची अक्कल ही. म्हणाला, कामगार दिसले की कारखाना जिवंत वाटतो, लपव. मी लपवले! पगारी माणसं, त्यांना मी सांगितलं, आज फक्त गप्प बसायचं. मिस्त्री म्हणाले, शेठ, काम करा म्हणून ओरडणारे मालक बघितले, काम दिसू देऊ नका म्हणणारे तुम्ही पहिलेच. घ्या. आता लिहा काय शेरा लिहायचा तो. ‘युनिट ढोंगी आहे’ असं लिहा, चालेल मला.

का लिहीत नाही? आणि ती बिजागरी का पुढे करताय मघापासून? आमचीच आहे ती, म्हटलं ना. आण... द्या इकडे. थांबा, चष्मा. खिशातच होता.

अहो, हिची पिन पितळी आहे.

ही ढिगातली नाही. पितळी पिन आम्ही केव्हाच बंद केली, परवडेना. आणि हे बघा कडेला, हा बारीक चंद्र — हा वडिलांचा ठसा. असा सरळ फक्त त्यांच्याच हातचा लागायचा, माझा नेहमी वाकडा जायचा. ही कुठे मिळाली तुम्हाला? ... कुठल्या? जुन्या दवाखान्याच्या? इमारत पाडली ती? दारं सडली आणि बिजागऱ्या... सगळ्या? एकही कुरकुरत नव्हती? बघा, हलवून बघा, आवाज नाही. तेल सुद्धा कुणी घातलं नसेल हिला. आण्णा, ऐकताय का — त्या फोटोला म्हणतोय, तुम्हाला नाही. तो उलटा आहे अजून.

पण मग तुम्ही हिला घेऊन इथे कसे... ते कार्ड. कपाखाली. बांधकाम. साहित्य... खरेदी.

खरेदी.

म्हणजे तुम्ही सरकारचे नाही. नाही, डोकं हलवू नका, कळलं मला. तुम्ही आल्यापासून सांगायचा प्रयत्न करत होतात आणि मी तुम्हाला पट्टा कुठे लपवला ते सांगत होतो. शाबास माझी. गिऱ्हाईक दारात आलं — किती वर्षांनी आलं हो! — आणि मी त्याला पटवून दिलं की आमची प्रेस बंद, माणसं नाहीत आणि मी ढोंगी आहे. आता कळलं ना बायको का हसते? ... हो हो, करू की. अशाच. पितळी पिनच्या. नव्या दवाखान्याच्या सगळ्या दारांना? करू. तुमच्यासमोर एक करून दाखवायची? आत्ता? आत्ताच का... संध्याकाळी दुसऱ्याकडे जायचंय. बरोबर आहे, माझं एवढं ऐकल्यावर मीही गेलो असतो.

थांबा. हॉर्न ऐकलात? गेटवर. पांढरी गाडी, पुढे पाटी. आले. खरे साहेब आले. अकराचे, म्हणजे सरकारी अकराचे.

आता बघा माझी मजा. ह्या भागातला त्यांचा हा शेवटचा दौरा. प्रेस बंद दिसली तर मदत मिळेल, चालू दिसली तर तुमचं काम मिळेल — मिळेल का हो नक्की? नाही, नक्की कसं सांगाल तुम्ही, एक बिजागरी बघून सांगाल. बरोबर आहे. आणि मी उभा आहे मधे, ह्या बिजागरीसारखा, एक पाती इकडे, एक पाती तिकडे. भीती वाटतेय मला. खरंच वाटतेय. बायको असती तर तिला विचारलं असतं. ती काय म्हणाली होती काल? आजारी आजारी म्हणत बसाल तर एक दिवस खरंच कुणी उठवायला येणार नाही. मी म्हटलं, तुला सरकारी धोरण कळत नाही.

उठा जरा. उठा, खालचा पट्टा काढू द्या. मिस्त्री! अहो मिस्त्री, या बाहेर! सगळे या! रेडिओ, शिंक आता पाहिजे तेवढी! भुसा झटका आधी, फडका नाही? माझा शर्ट घ्या, इस्त्रीचाच आहे. पितळेची सळई कोपऱ्यात आहे ना अजून? आणि ठसा — वडिलांचा ठसा कपाटात, वरच्या खणात. मी नाही मारणार, तुम्ही मारा, माझा वाकडा जातो. तो फोटो सरळ करा कुणीतरी आधी. पट्टा चढला? खटका द्या. द्या!

आला आवाज. ऐकलात? हा आमचा आवाज. तुम्ही इथेच थांबा, ह्या बाजूला, बोटं लांब ठेवा. मी एवढं गेटवर बोलून येतो. नाही, आत नाही घेणार.

— या साहेब, नमस्कार! हो, हाच तो कारखाना. हो, अर्ज आमचाच. काय म्हणताय? जरा मोठ्यानं बोला, प्रेसचा आवाज आहे! ... नाही साहेब, नका उतरू, ऊन आहे. आज आम्ही बरे आहोत. पुन्हा आजारी पडलो तर कळवतो — या आता!